नाईलच्या काठचे कारागिरांचे गाव : इजिप्त सहलीचे एक वाचन

शिलालेख, ताम्रपट आणि नाणी ही जशी इतिहासाची साधने आहेत, तशीच सहलीची छापील कार्यक्रमपत्रिका हेही एक साधन मानता येईल. काय पाहावे, कोठे किती वेळ थांबावे आणि कशाजवळून न थांबता पुढे जावे, हे त्या पत्रिकेत कोणीतरी आपल्यासाठी आधीच ठरवून ठेवलेले असते. इजिप्तच्या सहलींची पत्रिका बहुधा एकाच साच्याची असते. आरंभी दोन-तीन दिवस कैरो व गिझा, मग विमानाने किंवा रात्रीच्या रेल्वेने दक्षिणेकडे प्रयाण, लक्झर आणि आस्वान या दोन शहरांमध्ये नाईल नदीवर तीन-चार रात्रींची क्रूझ आणि सवड असल्यास अबू सिम्बेल. आम्ही काही शिक्षकांनी मार्गदर्शकासह जाणाऱ्या एका गटातून हाच प्रवास केला. तेथील जेवणाचे आणि सूर्यास्ताचे वर्णन पुष्कळांनी केलेले आहे. हा मार्ग पाठ्यपुस्तकाप्रमाणे कसा वाचावा, एवढेच विद्यार्थ्यांपुढे मांडण्याचा आमचा येथे विचार आहे.

या सहलीलाही स्वतःचा इतिहास आहे. थॉमस कुक या इंग्रज व्यावसायिकाने १८६९ साली आपला पहिला गट आगबोटीने नाईलवर नेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुएझ कालवा खुला झाला. तो कालवा खणताना पहिली काही वर्षे इजिप्तमधील शेतकऱ्यांना गावोगावहून सक्तीने आणून राबवण्यात आले होते. वेठ हा शब्द आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. युरोपातील प्रवासी फराओंच्या काळातील वेठबिगारीबद्दल हळहळत त्या देशात उतरत होते, तेव्हा ती प्रथा तेथे इतिहासजमा झालेली नव्हती.

नदीविषयी एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. म्हणून नकाशात खाली दिसणाऱ्या भागाला ‘वरचा इजिप्त’ म्हणतात. वारा मात्र बहुतेक काळ उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. परिणामी, उत्तरेला जायचे तर प्रवाह नाव नेतो आणि दक्षिणेला जायचे तर शीड उभारले की वारा नेतो. प्राचीन चित्रलिपीत ‘दक्षिणेस जाणे’ यासाठी शीड उभारलेली नाव आणि ‘उत्तरेस जाणे’ यासाठी शीड नसलेली नाव काढीत. एका देशाचा भूगोल दोन चिन्हांत इतक्या नेमकेपणाने मावल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. दगड, धान्य, सैन्य आणि करवसुली या सर्वांची वाहतूक याच नदीने होत असे.

गिझाचा मोठा पिरॅमिड खुफू राजाचा. तो सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी उभारला गेला. मूळ उंची सुमारे १४६ मीटर, दगडांची संख्या अंदाजे २३ लाख. हे आकडे प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. हे दगड ओढले कोणी, या प्रश्नावर मात्र दीर्घकाळ हिरोडोटसच्या आधारे लाखभर माणसे राबल्याचे सांगितले जाई आणि चित्रपटांनी त्यात चाबकाखालचे गुलाम घातले. गेल्या तीन-चार दशकांतील उत्खननांनी हे चित्र बदलले आहे. पिरॅमिडांच्या दक्षिणेस मार्क लेनर यांच्या चमूला कामगारांची वस्ती सापडली : भटारखाने, कोठारे, निजण्याच्या लांबट ओवऱ्या, गुराढोरांच्या हाडांचे ढीग. जवळच १९९० साली कामगारांची दफनभूमी उजेडात आली. तेथील सांगाड्यांचे मणके ओझ्याने झिजलेले आहेत. पण मोडून नीट सांधलेली हाडेही आहेत, म्हणजे जखमींवर उपचार होत होते. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पपायरसचे तुकडे मिळाले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुरा येथील खाणीतून चुनखडकाच्या शिळा नावेत भरायच्या, गिझाला उतरवायच्या आणि पुन्हा परतायचे, ही त्याच्या टोळीची खेप त्याने दिवसागणिक टिपून ठेवली आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. ‘पिरॅमिड गुलामांनी बांधलेले नाहीत’ हे वाक्य हल्ली तेथे मोठ्या अभिमानाने ऐकवले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु गुलाम नव्हते म्हणून ते स्वतंत्र होते, असे ठरत नाही. राज्याला श्रमाच्या रूपाने कर देणे त्या माणसाला टाळता येत नव्हते. भाकरी मिळत होती, उपचार मिळत होते. नकार देण्याची मोकळीक मात्र नव्हती.

लक्झर म्हणजे प्राचीन थीब्ज. पूर्वकाठावरील कर्नाकच्या स्तंभांविषयी सर्वत्र लिहिले जाते, म्हणून आम्ही थेट पश्चिमकाठाकडे वळतो. राजांच्या दरीत तुतनखामुनची कबर आहे. तिची पहिली पायरी ४ नोव्हेंबर १९२२ रोजी हॉवर्ड कार्टर यांच्या उत्खननात उघडी झाली आणि जगभरची वृत्तपत्रे तिने भरून गेली. त्याच १९२२ साली, त्या दरीपासून एका डोंगराच्या अंतरावर, बर्नार्ड ब्रुयेर या फ्रेंच संशोधकाने देर अल-मदिना येथील उत्खननाची सूत्रे हाती घेतली. ते काम १९५१ पर्यंत चालले. त्याची बातमी झाली नाही, कारण तेथे सोने नव्हते. तेथे राजांच्या कबरी कोरणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांचे गाव होते.

आमच्या पत्रिकेत हे गाव नव्हते. अलाबास्टरच्या वस्तूंच्या दुकानाला मात्र पाऊण तास दिलेला होता. तो पाऊण तास या गावाला द्यावा, अशी आम्ही विनंती केली. मार्गदर्शक स्वतः इतिहासाचा पदवीधर होता. त्याला आनंदच झाला. पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी हे जरूर मागावे.

एका कुंपणाच्या आत सत्तरच्या आसपास घरे, एकाला एक लागून, अरुंद आणि लांबट. गावात विहीर नाही. पाणी खालून गाढवांवर लादून आणावे लागे. घराच्या मागच्या खोलीत चूल आणि तळघर, पुढच्या खोलीत देवासाठी ओटा. या गावाने चारशेहून अधिक वर्षे राजांसाठी मृत्यूनंतरचे महाल खोदले. आठवडा दहा दिवसांचा, पगार धान्यात. आणि या गावाने लिहून ठेवले. पपायरस महाग, म्हणून खापऱ्यांवर आणि चुनखडकाच्या कपऱ्यांवर लिहिले. अशा हजारो खापऱ्या मिळाल्या आहेत : उसनवारीचे हिशेब, गाढवाच्या भाड्याचे तंटे, कपड्यांच्या याद्या, चित्रे, पत्रे. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाचा एक हजेरीपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कामगाराचे नाव, गैरहजेरीचा दिवस आणि कारण. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे आले होते. कोणी आईच्या प्रेताला वस्त्र गुंडाळीत होता, तर कोणी घरी बिअर गाळीत बसला होता. आमच्या वसतिगृहातील रजेच्या अर्जांशी हा हजेरीपट ताडून पाहण्याचा मोह कोणत्याही शिक्षकाला होईल.

तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचे एकोणतिसावे वर्ष, म्हणजे इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, धान्याचा पगार थकला. महिन्याचे अठरा दिवस उलटले तरी शिधा आला नाही. तेव्हा हे कारागीर हत्यारे खाली ठेवून, चौक्या ओलांडून बाहेर पडले आणि एका राजमंदिराच्या मागे जाऊन बसले. मराठीत ज्याला धरणे धरणे म्हणतात, नेमके तेच. अधिकाऱ्यांनी आश्वासने दिली; ते उठले नाहीत. पुढच्या दिवसांत ते रामेसियम या मंदिरापर्यंत गेले. भूक आणि तहान आम्हांला येथे घेऊन आली, अंगाला वस्त्र नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे राजाला कळवा, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे नोंदले गेले. थकलेला शिधा मिळाला. पुन्हा थकला, पुन्हा ते बाहेर पडले. इतिहासात नोंद असलेला हा पहिला संप होय. ज्या पपायरसवर तो लिहिला आहे, तो आज इटलीतील तुरिनच्या संग्रहालयात आहे.

विद्यार्थिमित्रांनो, ही नोंद आपल्यापर्यंत का पोचली याचा विचार करा. बाकीच्या इजिप्तमध्ये शेकडा काही मोजक्या लोकांनाच लिहिता येत होते. या गावातील साक्षरतेचे प्रमाण त्याहून बरेच अधिक होते, असे अभ्यासक मानतात. कबरींच्या भिंतींवर लेख कोरायचे तर अक्षरांची ओळख हवीच. पगार थकला म्हणून बसणारे हे काही एकटेच उपाशी नसणार. ज्यांच्या शेतांतून ते धान्य येत होते त्या शेतकऱ्यांच्या घरांतही रिकामी मडकी असतील. परंतु त्यांच्यात लिहिणारा नव्हता. ज्यांना लिहिता येत होते, त्यांचीच भूक शिल्लक राहिली.

लक्झर सोडल्यावर नौका एस्नाच्या जलद्वारापाशी थांबते. तेथे फेरीवाले छोट्या होड्यांतून येऊन कपड्यांच्या घड्या वरच्या मजल्यावर फेकतात आणि खालूनच भाव करतात. ‘बक्षीस’ हा शब्द येथे पदोपदी कानी पडतो; आपल्या आणि त्यांच्या भाषेत तो एकाच फारसी घरातून आला आहे. पुढे एडफूचे होरसमंदिर, मग मगरमुखी सोबेकचे कोम ओम्बो. दोन्ही टॉलेमींच्या काळातील. पण गर्दीमुळे तेथे फार रेंगाळता येत नाही.

आस्वानच्या दगडखाणीत मात्र रेंगाळावे. तेथे सुमारे ४२ मीटर लांबीचा एक अपुरा स्तंभ खडकातच आडवा पडलेला आहे. कोरताना तडा गेला आणि काम सोडून दिले गेले. पुरा झाला असता तर हजार टनांहून अधिक भरला असता. त्या काळी लोखंडी छिन्नी नव्हती. डोलेराइटचे कठीण गोटे हातांत धरून, ठेचून ठेचून ग्रॅनाइटचा भुगा करीत कामगार पुढे सरकत. प्रत्येकाने आपल्या पुढ्यात ठेचलेला खळगा आजही ओळीने दिसतो. पूर्ण झालेल्या स्तंभावर राजाचे नाव असते. या अपुऱ्यावर फक्त हे खळगे आहेत.

आस्वानजवळच १९६० ते १९७० या काळात उच्च धरण बांधले गेले. पाण्याखाली जाणारी अबू सिम्बेलची मंदिरे युनेस्कोच्या पुढाकाराने १९६४ ते १९६८ दरम्यान हजारांहून अधिक तुकड्यांत कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा जोडण्यात आली. मानवी सहकार्याचे हे थोर उदाहरण आहे आणि ते पाहताना मान आपोआप वर जाते. परंतु त्याच पाण्याखाली न्युबियन लोकांची गावेही गेली. इजिप्तमधील सुमारे पन्नास हजार न्युबियन धरणग्रस्त १९६३-६४ मध्ये कोम ओम्बोच्या परिसरात, नदीपासून दूर वसवण्यात आले. जवळपास तितकेच सुदानमध्ये विस्थापित झाले. कोम ओम्बोच्या घाटावर नौका तासभर थांबते तेव्हा याविषयी कोणी बोलत नाही. आस्वानला ‘न्युबियन गाव’ दाखवतात : रंगीत भिंती, उंटाची फेरी, जास्वंदीचे सरबत. मंदिराचा प्रत्येक दगड क्रमांक घालून पुन्हा जागेवर बसवला गेला. खजुराची झाडे आणि पूर्वजांच्या कबरी मात्र तळाशी राहिल्या.

फिली बेटावरील इसिसचे मंदिरही असेच हलवलेले आहे. १९७२ ते १९८० दरम्यान ते शेजारच्या अगिल्किया बेटावर उभे केले गेले. येथील भिंतीवर २४ ऑगस्ट ३९४ या दिवसाचा एक लेख आहे. चित्रलिपीतील हा शेवटचा ज्ञात लेख. पुरोहितांच्या लहानशा वर्तुळात कोंडलेली ती लिपी ते वर्तुळ संपताच मुकी झाली आणि तब्बल चौदाशे वर्षे कोणालाही वाचता आली नाही. १७९९ मध्ये रोझेटाचा शिलालेख सापडला आणि १८२२ मध्ये शाम्पोलियनने तिचे कोडे उलगडले. पंधरा वर्षांनी, १८३७ मध्ये, आपल्याकडे जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी वाचली आणि विस्मृतीत गेलेला सम्राट अशोक बोलू लागला.

फिलीच्या मंदिराशी अशोकाचा एक धागा जुळतो. या मंदिराचा मुख्य भाग दुसऱ्या टॉलेमीच्या काळात उभारण्यास सुरुवात झाली. कलिंगयुद्धानंतर कोरवलेल्या तेराव्या शिलालेखात अशोकाने धम्मविजय हाच श्रेष्ठ विजय मानला आणि दूरदूरच्या पाच यवन राजांची नावे घेतली. त्यांतील ‘तुरमाय’ तो हाच टॉलेमी. अशोकाचे दूत अलेक्झांड्रियाला पोचल्याची इजिप्तच्या बाजूची नोंद मिळालेली नाही. मात्र याच तुरमायने तांबड्या समुद्रावर आपल्या आईच्या नावाने बेरेनिके हे बंदर वसवले. पुढे रोमन काळात भारताचा माल तेथे उतरे, उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईलकाठच्या कोप्तोसला येई आणि नावेने अलेक्झांड्रियाला जाई. क्रूझचा मार्ग बेरेनिकेला जात नाही. ते आस्वानच्या पूर्वेस, वाळवंटापलीकडे आहे.

२०२२ मध्ये तेथील इसिसमंदिराच्या उत्खननात भगवान बुद्धांची संगमरवरी मूर्ती सापडली. पुढील वर्षी इजिप्त सरकारने ती जाहीर केली. उंची ७१ सेंटिमीटर, काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. मस्तकामागे सूर्यकिरणांचे प्रभामंडळ, शेजारी कमळ, डाव्या हाती चीवराचा पदर. उजव्या बाजूचा भाग भंगलेला आहे. दगड आजच्या इस्तंबूलच्या दक्षिणेकडील असावा आणि कोरीवकाम इजिप्तमध्येच झाले असावे, असे संशोधकांचे मत आहे. त्याच मंदिरात सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. सातवाहन म्हणजे पैठणचे. त्यांच्याच काळात आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट गावच्या यवन दात्यांनी आपली नावे ब्राह्मीत कोरवून ठेवली. ती आजही तेथे वाचता येतात.