ठोकलेली गाडी: उभी करायची की सोडून द्यायची?

माणसं सुखरूप आहेत, गाडी टोइंग करून गॅरेजात पोचली आहे आणि दोन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर तीन लाख वीस हजारांचं एस्टिमेट येऊन पडतं. मग घरात वाद सुरू होतो: एवढे पैसे घालायचे, की मिळेल त्या भावात गाडी काढून टाकायची? गाडीचा सर्वंकष विमा असेल तर आधी एस्टिमेट बाजूला ठेवा आणि पॉलिसीवरचा ‘आयडीव्ही’ शोधा. विमा कंपनीच्या लेखी त्या वर्षापुरती गाडीची किंमत तेवढी. पुढची सगळी गणितं याच आकड्यावर चालतात.

आयडीव्ही निघतो त्या मॉडेलच्या शोरूम किमतीतून वयाप्रमाणे घट वजा करून. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४० आणि चार ते पाचला ५० टक्के. पाच वर्षांपुढे तो कंपनी आणि तुमच्यात ठरतो. हप्ता वाचावा म्हणून नूतनीकरणाच्या वेळी आयडीव्ही खाली ओढून घेणारे पुष्कळ आहेत. वाचलेल्या त्या हजार-दीड हजारांची खरी किंमत अशा वेळी कळते.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. हा खर्च पॉलिसीच्या अटींना धरून मोजायचा असतो, त्यामुळे गॅरेजचा आकडा आणि सर्व्हेअरचा आकडा यांत बरंच अंतर पडू शकतं. शिवाय पहिलं एस्टिमेट बहुधा बाहेरून बघून काढलेलं असतं. बंपर आणि बोनेट उतरवल्यावर वाकलेला एप्रन, फुटलेला रेडिएटर, तुटलेलं वायरिंग बाहेर येतं आणि पुरवणी एस्टिमेट लागतं. म्हणून गाडी खोलून पाहिल्याशिवाय ‘करा सुरू’ म्हणू नका आणि ‘विकून टाका’ही म्हणू नका.

हिशेबासाठी एक गाडी धरू. वय साडेतीन वर्षं, इंजिन १२०० सीसी, आयडीव्ही ५,४०,००० रुपये. ७५ टक्क्यांची रेघ ४,०५,००० वर येते, म्हणजे ३,२०,००० चं एस्टिमेट दुरुस्तीतच बसतं. पण कंपनी ते सगळं भरत नाही. प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. धातूच्या भागांवर या वयाला २५ टक्के. काचेवर काही नाही. रंगकामात एकूण रकमेचा चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. एस्टिमेटमध्ये प्लास्टिक व एअरबॅग एक लाख, पत्रा व इतर धातू १,२०,०००, काच २०,०००, मजुरी ५०,००० आणि रंग ३०,००० असेल, तर तुमच्या वाट्याला ५०,००० अधिक ३०,००० अधिक ३,७५० येतात. वर सक्तीची वजावट: १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००. एकूण ८४,७५०. ‘झीरो डेप’ घेतलं असेल तर घसाऱ्याचा भाग जवळजवळ संपतो. ऑइल, कूलंट, नट-बोल्ट असल्या किरकोळ गोष्टींचे पैसे मात्र वेगळं कव्हर नसेल तर खिशातूनच जातात. टोइंगसाठी मूळ पॉलिसीत जेमतेम १,५०० रुपये असतात. पुण्याहून निघालेली गाडी कोकणातल्या घाटात ठोकली गेली, तर ते कुठच्या कुठे उडून जातात.

८४,७५० रुपयांत पाच लाखांच्या घरातली गाडी पुन्हा मिळत असेल तर दुरुस्त करावी, यात फार डोकं लढवायची गरज नाही. ‘नो क्लेम बोनस’ शून्यावर येईल, तो येऊ द्या. बोनसचा विचार बंपर चेपल्यावर करायचा, एअरबॅग उघडल्यावर नाही.

खरा पेच रेघेच्या पलीकडे आहे. याच गाडीचं काम साडेचार लाखांवर गेलं तर कंपनी टोटल लॉस देईल: ५,३९,००० रुपये. कर्ज असेल तर त्यातून आधी बँकेची थकबाकी जाते, उरलेलं तुमचं. गाडीचा सांगाडा कंपनीकडे. दुसरा पर्याय म्हणजे सांगाडा तुम्हीच ठेवायचा आणि त्याची किंमत वजा करून रक्कम घ्यायची. सांगाड्याची किंमत दीड लाख निघाली तर हातात ३,८९,००० आणि अंगणात मोडकी गाडी. लोक इथे भुलतात, कारण पैसेही मिळाले आणि गाडीही राहिली असं वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही दीड लाखाला भंगार विकत घेतलेलं असतं. एखाद्या अनोळखी माणसाने हीच गाडी, याच अवस्थेत, दीड लाखाला देऊ केली असती तर तुम्ही घेतली असती का?

ओळखीचा, हात चांगला असलेला डेंटर असेल, मार फक्त पुढच्या पत्र्याला बसला असेल आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून जुने दरवाजे, बोनेट, दिवे मिळत असतील, तर उत्तर ‘हो’ असू शकतं. पिलर वाकला असेल, छत दुमडलं असेल किंवा चारही चाकं एका रेषेत येत नसतील, तर माझं मत स्पष्ट ‘नाही’ असं आहे. एअरबॅग आणि सीट बेल्टचे प्रिटेन्शनर एकदाच वापरायचे असतात. ते जुन्या बाजारातून कधीही घेऊ नयेत. आणि टोटल लॉसच्या दाव्यासाठी कंपनी आरसी रद्द करून मागते का, हे आधी लेखी विचारा. मागत असेल तर गाडी पुन्हा उभी करण्याचा विषयच मिटतो.

विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर गाडीच्या नुकसानीचे पैसे तुमची कंपनी देणार नाही. मग सरळ तीन आकडे मांडा: आजचा सांगाड्याचा भाव, दुरुस्तीचा खर्च आणि दुरुस्तीनंतरची बाजारातली किंमत. तिसऱ्या आकड्यात अपघाताचा डाग धरायला विसरू नका. जुन्या गाडीचा जाणता खरेदीदार रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र घेऊनच येतो.

विकायचं ठरलं की घाई होते, कारण बरीच गॅरेजं रोजचं पार्किंग लावतात. पण ‘कागद नंतर बघू’ म्हणणाऱ्या भंगारवाल्याला गाडी देऊ नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. गाडी पुढे कितीही हातांतून गेलेली असो. टोटल लॉस गाडीची आरसी आणि चासी नंबर चोरीच्या गाडीवर चढवण्याचे प्रकार होतात, आणि मग पोलीस येतात ते तुमच्या दारात. गाडी पुन्हा चालणार असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदला. विकणाऱ्याने हस्तांतर १४ दिवसांत कळवायचं असतं. चालणार नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिल्यास ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं. त्यावर नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये सवलत असते.

सर्व्हेअरचा आकडा पटला नाही तर त्याच्या अहवालाची प्रत मागा आणि कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. हे चालू असताना गाडी कुणाच्या ताब्यात द्यायची वेळ आलीच, तर ताबापावतीवर तारखेसोबत वेळही लिहून घ्या, थकलेली ई-चलनं भरा आणि फास्टॅग बंद करा. काचेवर तो तसाच राहिला तर पुढच्या टोलनाक्यावर पैसे तुमच्याच खात्यातून कापले जातील.