दुर्मीळ ग्रंथ आणि संवर्धित वास्तव : मँचेस्टरच्या ग्रंथालयातील एक प्रयोग

काचेच्या पेटीत ठेवलेली पोथी पाहणे आणि ती पोथी समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पेटीपुढे विद्यार्थ्यांचा वर्ग उभा राहतो, मार्गदर्शक दोन वाक्ये सांगतो आणि वर्ग पुढच्या पेटीकडे सरकतो. लिपी अपरिचित, भाषा अपरिचित, शिवाय वस्तूला हात लावावयाचा नाही. पोथीविषयीचे ज्ञान संदर्भग्रंथांत असते आणि ते दुसऱ्या दालनात असतात. ही दरी भरून काढण्यासाठी इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात 2011 साली जो प्रयोग हाती घेण्यात आला, तो शिक्षकांनी व ग्रंथपालांनी अभ्यासण्याजोगा आहे.

मँचेस्टर हे नाव मराठी वाचकास कापडामुळे परिचित आहे. तेथील जॉन रायलंड्स ग्रंथालयाचे मूळही कापडातच आहे. या धनाढ्य कापड-उद्योजकाच्या स्मरणार्थ त्याची पत्नी एन्रिकेटा रायलंड्स हिने हे ग्रंथालय उभारले. 1900 साली ते वाचकांस खुले झाले आणि 1972 मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयात विलीन झाले.

या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे पपायरसचा एक तुकडा. उंची सुमारे 9 सेंटिमीटर, रुंदी 6 सेंटिमीटर. म्हणजे पत्त्यांच्या जोडातील एका पानाएवढा. 1920 मध्ये तो ईजिप्तमध्ये विकत घेण्यात आला आणि 1935 मध्ये सी. एच. रॉबर्ट्स या विद्वानाने तो प्रसिद्ध केला. त्यावरील ग्रीक मजकूर योहानाच्या शुभवर्तमानातील, पिलातासमोरील चौकशीच्या प्रसंगाचा आहे. तुकड्याच्या दोन्ही बाजूंस लेखन आहे, आणि येथेच खरा पाठ सुरू होतो. गुंडाळीवर सामान्यतः एकाच बाजूस लिहीत. दोन्ही बाजूंस मजकूर आहे त्या अर्थी हे गुंडाळीचे नव्हे, तर पाने शिवलेल्या पुस्तकाचे अवशेष होत. नुसत्या दृष्टिक्षेपात विद्यार्थ्यास यातले काहीच उमगत नाही.

प्रयोगाचे नाव ‘स्कार्लेट’. ब्रिटनमधील उच्च शिक्षणात माहिती-तंत्राच्या वापरास साहाय्य करणाऱ्या ‘जिस्क’ या संस्थेने त्यास अर्थसाहाय्य दिले. विषयाचे प्राध्यापक, ग्रंथपाल व तंत्रज्ञ यांनी एकत्र बसून मजकूर तयार केला. पपायरसचा तुकडा आणि दान्ते या इटालियन कवीच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या जुन्या आवृत्त्या हे त्यातील प्रमुख विषय होते.

संवर्धित वास्तव, अर्थात ऑगमेंटेड रिॲलिटी, याची पद्धत गूढ नाही. मोबाइल फोनचा कॅमेरा वस्तूवर किंवा तिच्याशेजारी ठेवलेल्या खुणेच्या चित्रावर धरावयाचा. चित्रातील रेषा, कोपरे व ठिपके आधी साठविलेल्या नमुन्याशी जुळले, की फोन कोन व अंतर ठरवितो आणि पडद्यावर त्या वस्तूच्या जागीच भाषांतर, चित्र अथवा ध्वनी यांचा थर चढवितो. मूळ वस्तू डोळ्यांसमोर राहते, माहिती तिच्याभोवती येते. आभासी वास्तवात भोवतालचे जग झाकले जाते. येथे तसे होत नाही. पपायरसचा तुकडा केवढासा आहे हे पडद्यावरील मोठ्या छायाचित्रात कळत नाही, परंतु वस्तू समोर असली म्हणजे कळते.

दान्तेच्या बाबतीत हा लाभ विशेष आहे. 1481 साली फ्लॉरेन्समध्ये छापलेली आवृत्ती लांदिनोच्या टीकेसह निघालेला भला मोठा ग्रंथ आहे. उलट 1502 मध्ये व्हेनिसच्या आल्दुस मानुत्सिओने काढलेली आवृत्ती हाती मावेल अशी लहान, तिरक्या वळणाच्या टंकाची व टीकेविना आहे. एकच काव्य, पण एक मेजावर ठेवून अभ्यासण्यासाठी, दुसरे जवळ बाळगण्यासाठी. ही तुलना ग्रंथ समोर असतानाच मनावर ठसते.

मात्र अशा मजकुरात एक धोकाही असतो. पडद्यावर उमटलेले वाक्य विद्यार्थ्यास निर्णायक वाटते. पपायरसचा हा तुकडा एकेकाळी इ. स. 125 च्या सुमाराचा असे सरसकट सांगितले जाई; अलीकडील संशोधक तो काळ बराच पुढे जाऊ शकतो असे मानतात. हा मतभेद थरात आला नाही, तर तंत्र नवे आणि शिक्षण जुने असेच म्हणावे लागेल.

या प्रयोगाची पुढील हकिगत अधिक बोधक आहे. त्यासाठी ‘जुनायो’ नावाचे, मेटायो या जर्मन कंपनीचे उपयोजन वापरण्यात आले होते. 2015 मध्ये ॲपल कंपनीने मेटायो विकत घेतली आणि त्याच वर्षाअखेर जुनायो बंद पडले. कित्येक शतके टिकलेल्या पपायरसवरील हा थर उणीपुरी पाच वर्षेही त्या साधनावर टिकला नाही. भाषांतरे, टिपणे व छायाचित्रे स्वतंत्रपणे जपून ठेवली, तरच ती नव्या साधनात पुन्हा वापरता येतात; म्हणून खर्चाचा मोठा वाटा उपयोजनावर न जाता मजकुरावर जावा हे उचित.

आपल्याकडे या विषयाला मोठे क्षेत्र आहे. दान्तेच्या त्याच काव्याची एक प्राचीन हस्तलिखित प्रत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील ऋग्वेदाच्या 30 हस्तलिखितांची नोंद 2007 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटात झाली. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले जाऊ लागल्यापासून, कागदावर फोन धरून पाठ पाहणे हे खेड्यातील शिक्षकासही नवलाचे राहिलेले नाही.

सर्वांत निकडीचे काम मोडीचे आहे. दप्तरखान्यांत आणि जुन्या घराण्यांच्या पेट्यांत मोडी कागद आहेत. ते वाचू शकणारी माणसे थोडी. एखाद्या शाळेने किंवा सार्वजनिक वाचनालयाने गावाविषयीचा एकच कागद निवडला तरी पुरे. त्याचे नीट प्रकाशात, फ्लॅश न वापरता छायाचित्र घ्यावे. जाणकाराकडून ओळीस ओळ लावून बाळबोध लिप्यंतर करून घ्यावे. मौजे, कसबे, वतन, बलुते अशा शब्दांचे अर्थ द्यावेत. जेथे वाचन शंकास्पद असेल तेथे तसे चिन्ह करावे. खुणेचे चित्र मूळ कागदावर चिकटवू नये, शेजारी ठेवावे. हाच मजकूर एका छापील तक्त्यावरही पेटीजवळ लावावा. वीज वा जोडणी नसेल त्या दिवशी वर्ग त्यावरून कागद वाचू शकेल.