नितळ म्हणजे निर्मळ नव्हे : कोळशाचा एक धडा



ऊस गव्हाणीत पडला की आपले लक्ष वजनावर नि उताऱ्यावर. मिलखालून वाहणाऱ्या पाण्याकडे कोण बघतो? त्यात बेअरिंगचे तेल, ग्रीस आणि धुण्यातून आलेली साखर असते. ते ओढ्याला गेले तर पहिला फटका ओढ्याकाठच्या विहिरीला, म्हणजे आपल्यातल्याच कुणाला तरी.

एक प्रयोग करा. विझलेला लाकडी कोळसा बारीक कुटून धुऊन घ्या. पेलाभर पाण्यात शाईचा एक थेंब टाका, मूठभर भुकटी घालून ढवळा आणि रात्रभर निवळू द्या. वरचे पाणी फिके दिसेल. (ते पिऊ मात्र नका.)

शाई गेली कुठे? कोळशाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी भोके असतात. रंगाचे कण त्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. याला अधिशोषण म्हणतात. कोळसा ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेवर तापवला की भोके वाढतात. तो झाला सक्रिय कोळसा. त्याच्या एका ग्रॅममधल्या भिंती पसरल्या तर सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठे जागा भरते!

हा गुण रसायनतज्ज्ञ टोबियास लोवित्झ यांनी १७८५ मध्ये रशियात पाहिला. पुढे युरोपातले साखर कारखाने हाडांच्या कोळशातून पाक गाळू लागले. आपल्या बॉयलरमधल्या बगॅसच्या राखेतही न जळलेला कोळसा असतो. रुरकीच्या आयआयटीतील संशोधकांनी तिने पाण्यातले कापडाचे रंग काढून दाखवले आहेत.

आता मुद्द्याचे. कोळसा रंग धरतो, पण साखर सोडून देतो. म्हणून तर पाक पांढरा होतो. मग सांडपाण्यातली साखर तो कशी काढणार? ते काम जिवाणूंचे. मीठही त्याला धरवत नाही; आपल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातले पाणी कोळशाने गोडे होणार नाही. पाणी नितळ दिसले तरी फसू नका.

म्हणून क्रम असा : आधी तेलसापळा, तिथे तरंगलेले तेल काढायचे. मग जिवाणूंकडून साखर पचवायची. कोळसा शेवटी. तेलकट पाणी थेट कोळशावर सोडले तर भोके बुजतात, पैसा पाण्यात. बाहेर सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत हवे, असा केंद्राचा नियम आहे.

आणि धरलेली घाण नाहीशी होत नाही, ती कोळशात राहते. तो उकिरड्यावर टाकला तर पावसाबरोबर परत आपल्याच दारी येईल.

तेव्हा वार्षिक सभेत भावाबरोबर हेही विचारा : तेलसापळा रोज साफ होतो का? वापरलेला कोळसा जातो कुठे? कारखाना आपला, तसे त्याचे पाणीही आपलेच.