घरची गोष्ट आणि इंटरनेट

तीन वर्षांपूर्वीं मी इयत्ता आठवीच्या एका तुकडीचा वर्गशिक्षक होतों. शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे अर्ज भरावयाचे होते आणि मुदत थोडी उरली होती. अर्जांतील मजकूर बरोबर आहे कीं नाहीं हें पालकांनीं एकदां डोळ्यांखालून घालावें, या हेतूनें मीं सर्व मुलांची यादी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाडून दिली. तींत प्रत्येकाचें पूर्ण नांव, जन्मतारीख, आईचें नांव व मोबाईलचा क्रमांक इतकें सर्व होतें. काम दहा मिनिटांत उरकलें, आणि खरें सांगावयाचें तर मला आपल्या हुशारीचें थोडें कौतुकही वाटलें.

पंधरा दिवसांनीं त्या वर्गांतील एका मुलीची आई शाळेंत आली. ती बाई शिवणकाम करून संसार चालविते. तिला एक फोन आला होता. बोलणारा गृहस्थ मोठा अदबशीर. त्यानें मुलीचें पूर्ण नांव घेतलें, इयत्ता व तुकडी सांगितली, जन्मतारीखही सांगितली. मग म्हणाला कीं, मुलीस शिष्यवृत्ति मंजूर झाली आहे, आपल्या मोबाईलवर एक मागणी येईल ती मान्य करून पिन टाका, म्हणजे पैसे खात्यांत जमा होतील. बाईनें तसें केलें. पैसे जमा झाले नाहींतच. उलट खात्यांतील साडेनऊ हजार रुपये गेले. पुढील सत्राची फी व शिलाईयंत्राची दुरुस्ती यांसाठीं तिनें ते वर्षभर सांठविले होते.

मीं विचारलें, "ताई, अनोळखी माणसावर तुम्ही विश्वास कसा ठेवलात?"

ती म्हणाली, "सर, अनोळखी कसा? त्याला माझ्या पोरीचं सगळं ठाऊक होतं. मला वाटलं, शाळेतलेच कोणी असतील."

ती माहिती माझ्या यादींतूनच त्या लुच्च्याच्या हातीं गेली, असें मला सिद्ध करतां येणार नाहीं. ग्रुपमध्यें साठ कुटुंबें होतीं, आणि एकेका घरांत एकच मोबाईल तिघेचौघे हाताळणारे. परंतु माझ्या यादींतून गेली नसेल, असेंही मला छातीवर हात ठेवून म्हणतां येत नाहीं. प्रस्तुत लेखास कारण तेंच आहे.

त्या बाईला भोळी म्हणणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. ती ज्या नियमानें चालली तो आपल्या समाजांत पिढ्यान् पिढ्या उपयोगी पडलेला नियम आहे. ज्याला आपल्या घरचें ठाऊक, तो आपला माणूस. गांवचा वाणी, पोस्टमन, वैद्य, शाळेचे गुरुजी यांना आपल्या घरांतील बारीकसारीक गोष्टी माहीत असत. पण आपल्यालाही त्यांचें घर, त्यांचीं मुलेंबाळें माहीत असत. जाणणें दोन्ही बाजूंनीं होतें, म्हणून त्यांत विश्वासही होता. इंटरनेटनें हा व्यवहार एकतर्फी करून टाकला. आतां आपल्यास जाणणारा मनुष्य कोठें बसला आहे, तो कोण, एक आहे कीं दहा, याचा आपल्यास पत्ताच नसतो. तेव्हां आपली माहिती सांगतां येणें ही आतां ओळखीची खूण राहिलेली नाहीं. एवढी एक गोष्ट घरोघरीं पटली तर अर्धें काम झालें असें मी समजतों.

येथें पुष्कळ जण म्हणतात, "आमच्यापाशीं लपविण्यासारखें आहे तरी काय? जन्मतारीख कळली म्हणून काय बिघडलें?" एकटी जन्मतारीख कळून कांहीं बिघडत नाहीं हें खरें. बिघडतें तें दोन-तीन क्षुल्लक गोष्टी एकत्र आल्यानें. याचें एक नामांकित उदाहरण अमेरिकेंतलें आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यांत सरकारी नोकरांच्या औषधोपचारांचीं टिपणें संशोधकांस अभ्यासासाठीं देण्यांत आलीं होतीं. त्यांतून नांवें व पत्ते काढून टाकले होते. म्हणून कोणाचेंही गुपित फुटणार नाहीं अशी ग्वाही देण्यांत आली. १९९७ च्या सुमारास लटान्या स्वीनी नांवाच्या एका विद्यार्थिनीनें केंब्रिज शहराच्या मतदारांची यादी वीस डॉलर देऊन विकत घेतली व ती या टिपणांशेजारीं ठेवून पाहिली. त्या राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड केंब्रिजला राहत असत. त्यांच्याच जन्मतारखेचीं माणसें त्या शहरांत सहा निघालीं. त्यांत पुरुष तीन. आणि त्यांच्या टपाल-विभागांत राहणारा एकच. गव्हर्नरसाहेबांचें दुखणें-खुपणें उघडें पडलें! पुढें २००० सालीं याच बाईंनीं असें दाखविलें कीं, जन्मतारीख, लिंग आणि टपाल-विभागाचा क्रमांक या तीन गोष्टींवरून अमेरिकेंतील सुमारें ८७ टक्के माणसें एकेकटीं हुडकून काढतां येण्याजोगीं आहेत. नांव लागतच नाहीं.

आपल्याकडे तर नांवच पुष्कळ बोलतें. आपल्या नांवाच्या मध्यें वडिलांचें नांव, शेवटीं आडनांव. त्यावरून पुष्कळदां गांव व समाजही कळतो. लग्नपत्रिका घ्या. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांचीं नांवें, आईचें माहेर, घरचा पत्ता, दोन-तीन फोन क्रमांक, आणि अमुक दिवशीं अमुक वेळीं सर्व मंडळी घराबाहेर असणार हेंही तींत छापलेलें. पूर्वीं ती शंभर-दोनशें घरीं जाई व सहा महिन्यांनीं रद्दींत पडे. आज तिचें छायाचित्र एका दिवसांत कोठें कोठें जाईल याचा नेम नाहीं, आणि तें रद्दींत कधींच पडत नाहीं. आईचें माहेरचें आडनांव हा कित्येक खात्यांच्या पासवर्डाचा 'गुप्त प्रश्न' असतो, हें ज्यानें योजिलें त्यानें आपली लग्नपत्रिका खात्रीनें पाहिली नसावी.

दहावीच्या मुलांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. आपल्या राज्य मंडळाचा निकाल इंटरनेटवर पाहावयाचा तर दोनच गोष्टी लागतात: बैठक क्रमांक आणि आईचें नांव. परीक्षेपूर्वीं उत्साहानें प्रवेशपत्राचें छायाचित्र मित्रमंडळींत फिरवितां, त्यावर काय काय छापलेलें असतें तें एकदां वाचून पाहा. आपले गुण आईबापांस सांगण्यापूर्वींच दुसऱ्या कोणीं पाहून त्यांची चर्चा केली, असें घडलें तर तोंड कोणाचें उतरेल?

छायाचित्रांची गोष्ट निराळी व अधिक नाजूक आहे. मोबाईलनें काढलेल्या छायाचित्राच्या पोटांत, तशी सोय चालू असल्यास, तें ज्या जागीं काढलें तिचे अक्षांश-रेखांशही लिहिले जातात. शिवाय डोळ्यांस दिसणारें असतेंच: गणवेशावरील शाळेचें चिन्ह, पाठीमागील दुकानाची पाटी, गाडीचा क्रमांक. माणसाच्या जाण्यायेण्याचा माग किती सहज लागतो हें जगास २०१८ च्या जानेवारींत कळून आलें. धावण्या-चालण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा नामक ॲपनें आपल्या वापरणाऱ्यांच्या वाटा प्रकाशरेषांनीं दाखविणारा जगाचा नकाशा २०१७ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध केला होता. त्यांत कोणाचेंही नांव नव्हतें. परंतु सीरिया व अफगाणिस्तान येथील निर्मनुष्य भागांत लख्ख रेषांचीं वर्तुळें दिसतात, हें ऑस्ट्रेलियांतील एका विद्यार्थ्याच्या लक्षांत आलें. तीं वर्तुळें म्हणजे लष्करी तळांत सैनिक सकाळीं जेथें धावत त्या वाटा होत्या! बंदूक घेऊन पहारा करणाऱ्यांच्या मनगटावरील घड्याळानेंच ठाणें दाखवून दिलें. मग रोज सायंकाळीं एकाच क्लासमधून एकाच रस्त्यानें परतणाऱ्या मुलीनें आपण कोठें आहों हें जगास कळवीत राहावें काय, याचा विचार तिनें व तिच्या घरच्यांनीं करावा.

आतां थोडें यंत्राविषयीं. हिंदुस्थानांत पोस्टकार्ड सुरू झालें १८७९ सालीं, किंमत पाव आणा. स्वस्त म्हणून लोकांनीं तें उचलून धरलें. पण त्यावर काय लिहावें व कशाला पाकीटच घ्यावें हें आपल्या आजोबा-पणजोबांस कोणी शिकवावें लागलें नाहीं. क्षेमसमाचार कार्डावर, देण्याघेण्याची व सोयरिकीची गोष्ट पाकिटांत. इंटरनेटवरही पाकीट आहे. संकेतस्थळाचा पत्ता 'एचटीटीपीएस' या अक्षरांनीं सुरू होत असेल, तर तुमच्या व त्या स्थळाच्या दरम्यान मजकूर गुप्तलिपींत जातो. वाटेंत कोणास वाचतां येत नाहीं. परंतु पाकीट ज्याच्या हातीं पडावयाचें तो सज्जन आहे कीं भामटा, हें पाकीट कसें सांगणार? भामट्यांचींही संकेतस्थळें याच अक्षरांनीं सुरू होऊं शकतात. व्हॉट्सॲपचे संदेश २०१६ पासून अशाच बंद पाकिटांतून जातात. तरी माझी यादी साठ घरीं उघडलीच ना! ग्रुपमधील कोणीही एकानें छायाचित्र घेऊन पुढें धाडलें कीं पाकिटाचा उपयोग संपला. कांहीं मुलें 'इन्कॉग्निटो' नांवाच्या खिडकींतून वाचलें म्हणजे आपण अदृश्य झालों असें समजतात. ती खिडकी फक्त तुमच्या स्वतःच्या यंत्रावरील पाहिल्याची नोंद पुसते; ज्या स्थळास तुम्हीं भेट दिली तें, आणि इंटरनेट पुरविणारी कंपनी, यांच्यापासून ती तुम्हांस लपवीत नाहीं.

पालकांस कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. पैसे येण्यासाठीं पिन कधींही टाकावा लागत नाहीं. तो टाकला म्हणजे पैसे जातात. आधारची प्रत कोणीं मागितली तर जींत शेवटचे चारच आंकडे दिसतात अशी झांकलेली प्रत आधारच्या संकेतस्थळावरून मिळते. जेथें चालेल तेथें तीच द्यावी. विजेरीच्या ॲपनें तुमच्या ओळखीच्या माणसांचे क्रमांक मागितले तर त्यास ते कशाला हवेत, असा प्रश्न मनांत यावा व परवानगी नाकारावी. पासवर्ड मुलाच्या नांवाचा व जन्मसालाचा नसावा; एकमेकांशीं संबंध नसलेले चार शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड बरा, आणि प्रत्येक खात्यास निराळा. फसगत झालीच तर लाज धरून घरीं बसूं नये, १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. तितक्या वेळांत पैसे पुढें गेले नसले तर ते अडवून धरतां येण्याचा संभव असतो. आमच्या त्या बाईंनीं तीन दिवस कोणास सांगितलेंच नाहीं.

कायदाही आपल्या बाजूस आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ति के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावरून उद्भवलेल्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें निर्णय दिला कीं, खासगीपण हा नागरिकाचा मूलभूत हक्क असून राज्यघटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कांत तो सामावलेला आहे. २०२३ सालीं संसदेनें व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यांत अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वीं पालकाची खातरजमा करतां येण्याजोगी संमति घ्यावी, असें कलम आहे.

तथापि या कलमावरून मला एक अडचणीचा प्रश्न सुचतो. मुलाच्या वतीनें संमति आईबापांनीं द्यावयाची. पण आईबापांपासूनच मुलाचें खासगीपण कोणीं राखावें? बाळ न्हाऊं घालतांनाचें छायाचित्र, रडतांनाची चित्रफीत, नापास झाल्याची हकीकत हें सर्व कौतुकानें वा चेष्टेनें मांडणारे पालक मीं पाहिले आहेत. तेंच मूल पंधरा वर्षांचें झालें म्हणजे वर्गांत त्यावरून हंसें होतें. माझ्या वर्गांतील एका मुलानें मला एकदां विचारलें, "सर, बाबांनीं माझा फोटो टाकला तर तो काढा असें मी म्हणूं शकतों का?" मीं म्हटलें, अवश्य म्हण, पण नम्रपणें म्हण. त्याच्या वडिलांनीं फोटो काढला. आणि थोडे दिवस माझ्याशीं बोलणें सोडलें, तें असो. मुलांनींही आपल्याकडून हाच नियम पाळावा. मित्राचा क्रमांक, मैत्रिणीचें छायाचित्र, घरांतील आजारपण या गोष्टी आपल्या हातांत आहेत म्हणून त्या आपल्या मालकीच्या होत नाहींत. माझी यादी माझी नव्हतीच.

त्या मुलीची फी त्या वर्षीं आम्हीं कांहीं शिक्षकांनीं मिळून भरली; तिच्या आईनें ती पुढें दरमहा थोडी थोडी करून परत केली, नको म्हटलें तरी. गेल्या जूनमध्यें त्यांना पुन्हां एक फोन आला. यावेळीं बसच्या पासाचें निमित्त होतें आणि मुलीचें नांवगांव त्या माणसास तोंडपाठ. बाईंनीं सर्व ऐकून घेतलें व म्हणाल्या, "साहेब, मी उद्या शाळेत येतेच आहे, तिथंच भेटा." फोन लगेच बंद झाला.

वर्गाच्या याद्या मी आतां ग्रुपवर धाडीत नाहीं. ज्याची त्याला निराळी चिठ्ठी देतों. दोन दिवस अधिक लागतात. प्रस्तुत अंकांत बक्षिसें मिळविणाऱ्या मुलांचीं छायाचित्रें आहेत; त्यांखालीं नांव व इयत्ता एवढेंच छापिलें आहे. हा अंक शाळेच्या संकेतस्थळावरही ठेवावयाचा आहे. ज्या पालकांस आपल्या पाल्याचें छायाचित्र तेथें नको असेल त्यांनीं, किंवा ज्या विद्यार्थ्यांस स्वतःचें नको असेल त्यांनीं, माझ्याकडे एक ओळ लिहून द्यावी. कारण देण्याची आवश्यकता नाहीं.