ई-पत्रांचा शोध : पर्यायनामे आणि कळफलकाच्या कळी

कच्च्या मालाचे परीक्षण-अहवाल, पुरवठादारांची बिले, लेबलांचे नमुने, वितरकांच्या तक्रारी हे सारे आता प्रायः ई-पत्रानेच येते. एखाद्या चूर्णाच्या बॅचविषयी तक्रार आली, अथवा औषध निरीक्षकांनी शेड्यूल टी अन्वये नोंदी पाहावयास मागितल्या, की त्या बॅचमधील गुळवेलीचा अहवाल त्याच घटकेस हाताशी असावा लागतो. अहवाल आलेला असतो; परंतु हजारो पत्रांच्या राशीत तो सापडत नाही, आणि उरलेला माल विकावा की थांबवावा हा निर्णय तोवर अडून राहतो. आपल्यापैकी बहुतेकांचा पत्ता जीमेलवर असल्याने २००४ साली सुरू झालेल्या त्या सेवेपुरतेच हे विवेचन आम्ही करीत आहोत.

निघंटूंमध्ये एका द्रव्यास अनेक पर्याय दिलेले असतात. गुडूची, अमृता, छिन्नरुहा, गुळवेल यांपैकी कोणतेही नाव कानी पडताच वैद्यास एकच वल्ली आठवते. यंत्रास हा अभ्यास नाही. पत्र लिहिणाऱ्याने जे नाव लिहिले त्याच नावाखाली ते पत्र सापडेल, आपण त्या द्रव्यास काय म्हणतो त्याखाली नव्हे. प्रयोगशाळा टिनोस्पोरा लिहिते, उत्तरेकडील व्यापारी गिलोय लिहितो, आपला माणूस गुळवेल लिहितो. आणि तेही इंग्रजी लिपीत कधी ‘व्ही’ने तर कधी ‘डब्ल्यू’ने. म्हणून शोधाच्या चौकटीत सर्व पर्याय घालून त्यांच्यामध्ये ‘ऑर’ हा शब्द इंग्रजी मोठ्या लिपीत टंकावा. लहान लिपीतील ‘ऑर’ यंत्र सामान्य शब्द समजते.

मराठीत आणखी एक अडचण आहे. शब्दाच्या तुकड्यावरून ही शोधयंत्रणा सहसा पूर्ण शब्द ओळखीत नाही. ‘गुळवेल’ शोधल्यास ‘गुळवेलीचा अहवाल’ असे लिहिलेले पत्र निसटू शकते. विभक्तीची रूपेही पर्यायांतच धरावीत. संस्थांच्या नावांचेही तसेच. ११ जून २०२१ पूर्वीच्या शैक्षणिक व नोंदणीविषयक पत्रव्यवहारात सीसीआयएम हे नाव असेल, त्यानंतरच्यात एनसीआयएसएम. जुना संदर्भ हवा असेल तर दोन्ही नावे द्यावीत.

पर्यायांनी राशी वाढते, ती आवरण्यासाठी पुढील खुणा आहेत. इंग्रजी लिपीत ‘फ्रॉम’ लिहून लगेच कोलन व पाठविणाऱ्याचा पत्ता दिल्यास केवळ त्याचीच पत्रे येतात. ‘सब्जेक्ट’ आणि कोलन यांनी शोध विषयाच्या ओळीपुरता मर्यादित होतो. ‘हॅज’, कोलन, ‘अटॅचमेंट’ याने जोडपत्र असलेली पत्रे निवडली जातात. ‘फाइलनेम’, कोलन, ‘पीडीएफ’ याने त्या प्रकारची जोडपत्रे. ‘आफ्टर’ व ‘बिफोर’ यांपुढे कोलन देऊन वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तिरप्या रेघांनी तारीख द्यावी. आपल्याकडील उलटा क्रम येथे चालत नाही. बॅच क्रमांक अवतरणचिन्हांत घालावा. नको असलेल्या शब्दाआधी उणे चिन्ह द्यावे. कोलनच्या मागेपुढे जागा सोडू नये. मराठी कळफलक चालू असताना कोलनऐवजी विसर्ग उमटू शकतो, दिसण्यात दोन्ही सारखे, आणि शोध रिकामा येतो! या खुणा टंकताना कळफलक इंग्रजीवर असावा, अंकही इंग्रजीच असावेत.

एवढे करूनही पत्र न सापडल्यास ‘इन’, कोलन, ‘एनिव्हेअर’ ही खूण जोडावी. नेहमीचा शोध स्पॅम व ट्रॅश या कप्प्यांत पाहत नाही, आणि त्यांतील पत्रे ३० दिवसांनी कायमची नष्ट होतात. नव्या प्रयोगशाळेचा पहिला अहवाल स्पॅममध्ये पडणे मुळीच दुर्मीळ नाही. माल आला आणि अहवाल दिसला नाही, तर त्याच आठवड्यात हा शोध घ्यावा.

आता कळींविषयी थोडक्यात. संगणकावर सेटिंग्जमधील ‘जनरल’ या भागात ‘की-बोर्ड शॉर्टकट्स’ चालू करून खाली बदल जतन करावेत. त्यानंतर तिरप्या रेघेची कळ दाबताच शोधाची चौकट उघडते. ‘सी’ने नवे पत्र, ‘आर’ने उत्तर, ‘एफ’ने पुढे पाठविणे, ‘जे’ व ‘के’ यांनी जुन्या-नव्या पत्राकडे जाणे, ‘यू’ने यादीकडे परतणे. प्रश्नचिन्ह टंकल्यास सर्व कळींची यादी समोर येते, म्हणून पाठांतराची गरज नाही. लिहिण्याच्या चौकटीत कर्सर नसताना मात्र टंकलेले प्रत्येक अक्षर आज्ञा ठरते. ‘ई’ने पत्र इनबॉक्समधून हलते, परंतु नष्ट होत नाही, शोधात मिळते, ‘हॅश’ने ते ट्रॅशमध्ये जाते. लगेच ‘झेड’ दाबल्यास शेवटची कृती मागे घेता येते. दवाखान्यात एकच संगणक सर्वजण हाताळत असतील, तर या कळी बंद ठेवणेच बरे, असे आमचे मत आहे. ‘ए’ ही कळ विशेष जपून वापरावी. तिने उत्तर सर्वांना जाते, आणि रुग्णाच्या व्याधीविषयीचा मजकूर वितरकाच्या हाती पडणे आपल्या व्यवसायास शोभणारे नाही. पाठविलेले पत्र मागे घेण्याची मुदत सेटिंग्जमध्ये ३० सेकंदांपर्यंत वाढविता येते, ती तेवढी करून ठेवावी.

मुळशीच्या खोऱ्यात, विशेषतः धरणाच्या वरच्या अंगास ताम्हिणीकडे, पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो. क्रोम ब्राउझरमध्ये जीमेलची ‘ऑफलाइन’ सोय चालू केल्यास ७, ३० किंवा ९० दिवसांची पत्रे संगणकात उतरून राहतात आणि जोडणी नसतानाही त्यांत शोध घेता येतो. चूर्णाची वापरमुदत मात्र नियमाने २ वर्षांची आहे, म्हणजे बाजारातील बॅचचा अहवाल ९० दिवसांपलीकडे सहज जाऊ शकतो. असे अहवाल आले त्याच दिवशी उतरवून, फाइलच्या नावात बॅच क्रमांक व द्रव्याची दोन-तीन पर्यायनामे घालून ठेवावेत, आणि एक छापील प्रत बॅचच्या फायलीत लावावी.