कोंबडीलाही हवा हवी

दिवस मावळला, की आपण कोंबड्या कोंडतो. मुंगूस येईल, रानमांजर येईल, म्हणून फट दिसेल तिथे गोणपाट कोंबतो. थंडीत तर चहूबाजूंनी झाकतो. कोंबड्या उबेत राहतील, असे आपल्याला वाटते. पण सकाळी दार उघडावे, तर कोंबड्या मलूल. घशात घरघर, डोळ्यांत पाणी. मग अंडी कमी होतात. बाजाराला तेलमिठाचे पैसे निघत नाहीत.

असे का होते, ते आपण पाहू.

कोंबडी रात्रभर श्वास सोडते. त्याबरोबर वाफ बाहेर पडते. खाली शीट साचते. खुराडे गच्च बंद असले, की ही सारी ओल आतच राहते. ओल्या शिटेतून अमोनिया नावाचा वायू निघतो. त्याचा वास उग्र असतो. तो डोळ्यांना झोंबतो, छातीत जातो. मग छातीचे रोग लवकर जडतात.

मोठ्या कोंबडीला पिसांचे पांघरूण असते. कोरडी थंडी ती सोसते. ओल सोसत नाही. उन्हाळ्यात तर आणखी हाल. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून ती धापा टाकते. कोंदट जागेत त्यानेही तिला गारवा मिळत नाही.

मग खुराडे कसे बांधावे?

१. दहा कोंबड्यांना पाच फूट लांब, चार फूट रुंद जागा धरा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. म्हणजे आत ऊन कमी येते.

२. समोरासमोरच्या दोन लांब भिंती दीड फूट उंच घ्या. त्यावर छपरापर्यंत जाळी लावा. तार मजबूत हवी, भोके अर्ध्या इंचाची. मग वारा आत येतो, मुंगूस येत नाही.

३. गरम हवा वर चढते. म्हणून छपराखालची जागा कधी बुजवू नका. थंडीपावसात जाळीला गोणपाट लावा, पण वरची वीतभर जागा मोकळी सोडा. कोंबड्यांना बसायची दांडी फूटभर उंचीवर ठेवा. म्हणजे वारा डोक्यावरून जातो, अंगावर येत नाही.

४. पावसाची झड आत येऊ नये, म्हणून वळचण तीन फूट पुढे काढा.

५. खाली भाताचे तूस पसरा. ते रोज काठीने हलवा. ओला भाग उकिरड्यावर टाका. त्याचे खत होते.

लहान पिल्लांना ऊब जास्त लागते. त्यांना वारा लागू देऊ नका. पण त्यांचेही डालगे गच्च झाकू नका.

एक ध्यानात ठेवा. चांगल्या हवेने मानमोडी टळत नाही. तिची लस जनावरांच्या दवाखान्यातून वेळेवर द्यावीच लागते.

उद्या पहाटे एवढे करून पाहा. दार उघडताच खाली वाका. कोंबडीच्या उंचीवर तोंड नेऊन श्वास घ्या. डोळे चुरचुरले, तर समजा, हवा कोंडली आहे. आपल्याला घटकाभर सोसवत नाही, त्या हवेत कोंबडी सारी रात्र काढते. वरचे गोणपाट त्याच दिवशी काढा.

सांगा पाहू :
१. खुराड्यात ओल कशामुळे होते?
२. छपराखालची जागा मोकळी का ठेवावी?
३. तुमच्या खुराड्यात हवा कोठून येते? कोठून जाते?