कोरड्या तळ्यात कोण राहते?

आमचे गाव माण तालुक्यात आहे. हा दुष्काळी भाग. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आज्जी म्हणते, "ढग येत्यात, पण डोंगरापल्याडच पाणी सांडून येत्यात."

माळाखाली आमचे तळे आहे. पावसाळ्यात भरते आणि संक्रांतीच्या आत आटते. मग आम्ही तिथे क्रिकेट खेळतो. मला वाटायचे, तळे आटले की त्यातले सगळे जीव मेले.

मागच्या उन्हाळ्यात अण्णा (माझे वडील) तळ्यातला गाळ शेतात टाकायला नेत होते. मीही गेलो. खोदताना हातभर खाली एक जाडा बेडूक निघाला. हलेना. मी म्हणालो, "मेलाय." अण्णांनी बाटलीतले पाणी त्याच्यावर शिंपडले. थोड्या वेळाने त्याचा गळा हलू लागला! अण्णांनी त्याला परत मातीत ठेवले आणि बाभळीजवळचा तो कोपरा खोदलाच नाही.

शाळा सुरू झाल्यावर मी बाईंना हे सांगितले. बाई म्हणाल्या, काही बेडूक उन्हाळाभर जमिनीत झोपून राहतात. मग त्यांनी तळ्याची सुकी माती आणायला सांगितली. मी ती वाडग्यात नळाच्या पाण्यात भिजवली. काहीच झाले नाही, कारण नळाच्या पाण्यात टीसीएल होते. मग पावसाचे पाणी घेतले. तिसऱ्या दिवशी पांढरे ठिपके पळू लागले! ते फेअरी श्रिंप नावाचे प्राणी, कोळंबीचे लांबचे नातेवाईक. त्यांची अंडी सुक्या मातीत कित्येक वर्षे टिकतात. मोठे झाले की ते पाठीवर उलटे पोहतात. मी ते तळ्यात सोडून आलो.

तळे आटते म्हणून त्यात मासे टिकत नाहीत आणि म्हणूनच हे जीव आणि बेडकांची पिल्ले वाचतात. असे तळे आटणे वाईट नाही. पण त्यात कचरा टाकला, फवारणीचा पंप धुतला की ते मरतात. (आमच्या घरचा पंपही तिथेच धुवायचे. आता नाही.)

पूर्वी आपल्या देशातून बेडकांचे पाय परदेशात विकत. १९८७ साली ते बंद झाले. बेडूक पिकावरचे किडे खातात.

यंदा पहिल्या पावसात बाभळीच्या कोपऱ्यातून डराव डराव आवाज आला. पिवळेधमक बेडूक होते. मी ११ मोजले. पुढच्या उन्हाळ्यात परत गाळ काढायचा आहे. कोपरा राहील का, असे मी अण्णांना विचारले. ते म्हणाले, "माझ्या ट्रॉलीचं मी सांगतो, दुसऱ्यांच्या ट्रॉल्यांचं तू जाऊन सांग." आतापर्यंत मी चार घरी जाऊन आलो आहे.